निनावी माणसांची वाटचाल

स्मरणिकेत संस्थेचा इतिहास म्हटला की त्याचा क्रम ठरलेला असतो : संस्थापकांचे फोटो, पहिली कार्यकारिणी, कोनशिलेची तारीख, देणगीदारांची यादी. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, म्हणजे आपली ए.ए., हिच्यापाशी यातलं काहीच नाही. हजेरीपट नाही, सक्तीची वर्गणी नाही, मालकीची इमारत नाही. समूहाला सचिव असतो, पण तोही आळीपाळीने. त्याच्या वाट्याला येते ती खोलीची किल्ली सांभाळायची आणि चहाचा हिशेब ठेवायची जबाबदारी. आडनाव विचारायची पद्धत नाही. त्यामुळे मेळाव्याच्या निमित्ताने हे लेखन माझ्याकडे आलं तेव्हा मी एक ठरवलं : जळगाव, भुसावळ, धुळे या आपल्या पट्ट्यात दारू सोडू पाहणारा माणूस आजवर कुणाच्या आधाराने उभा राहिला, तेवढं सांगायचं. नावं येतील ती इतिहासात आधीच नोंदलेल्या माणसांची. आपल्यातल्या कुणाचंही येणार नाही, माझंही नाही.

ही गोष्ट आपल्या फेलोशिपपेक्षा जुनी आहे आणि ती सातपुड्यात सुरू होते. आजचा नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ पर्यंत धुळ्याचाच भाग होता. इंग्रजी अमलात हा सगळा मुलूख पश्चिम खानदेश म्हणून ओळखला जाई. मोहाची दारू तिथे देवाला लागे, लग्नाला लागे, मयतालाही लागे. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने घरची भट्टी गुन्हा ठरली आणि तीच दारू मक्तेदाराच्या दुकानातून विकत घ्यायची पाळी आदिवासींवर आली. दुकानात उधारी मिळे, आणि उधारी वाढली की आधी बैल आणि मग जमीन जाई. देवापुढे चार थेंब वाहून मग सगळ्यांनी मिळून घ्यायची दारू अशी सावकाराच्या वहीत जाऊन बसली.

१९३० च्या दशकात तळोदे तालुक्यातल्या मोरवडच्या गुलाम महाराजांनी या वहीवरच घाव घातला. अंघोळ करा, स्वच्छ राहा, दारू सोडा, भेटाल तेव्हा एकमेकांना ‘आप की जय’ म्हणा, एवढी साधी शिकवण होती. पण ती घ्यायला डोंगरातून हजारो भिल्ल माणसं आरतीला जमू लागली. १९३८ साली महाराज गेले. त्यांच्या मागे भाऊ रामदास महाराजांनी काम पुढे नेलं, सरकारचा रोष पत्करून नेलं. मला या चळवळीतली एक गोष्ट फार मोलाची वाटते. शपथ तर माणूस एकटाही घेतो, आणि एकटाच मोडतो. ही माणसं पुन्हा पुन्हा एकत्र येत राहिली. शेजारच्या पाड्यावरच्यानेही सोडली आहे हे डोळ्यांनी दिसत होतं, म्हणून आपलीही टिकत होती.

त्यानंतर साडेतीन दशकांनी, १९७२ च्या दुष्काळाच्या आसपास, शहाद्याला दुसरा अध्याय घडला. अंबरसिंग सुरतवंती या आदिवासी कार्यकर्त्याने भजनी मंडळांतून दारूविरुद्ध बोलायला सुरुवात केलीच होती. जमिनी परत मिळाव्यात आणि सालदारांना माणसासारखं वागवावं म्हणून १९७२ मध्ये श्रमिक संघटना उभी राहिली. तिच्या शिबिरांत भिल्ल बाया बोलायला लागल्या तेव्हा मजुरीच्या दराबरोबरच त्यांनी नवऱ्याची दारू आणि त्यापाठोपाठ येणारा मार पुढे मांडला. मग त्या गटागटाने गावोगावच्या गुत्त्यांवर चालून गेल्या आणि दारूची मडकी फोडली. बायकोला मारणाऱ्याला त्यांनी चारचौघांत उभं करून जाब विचारला. अंबरसिंग १९७४ मध्ये, ऐन उमेदीत गेले. या बाया मात्र महाराष्ट्राच्या स्त्री-चळवळीच्या इतिहासात कायमच्या नोंदल्या गेल्या.

इथे एक खुलासा करायलाच हवा. दारूबंदी असावी की नसावी, यावर ए.ए.चं मत नाही. आपल्या बारा परंपरांपैकी दहावी परंपरा बाहेरच्या वादात पडू नका असं सांगते, आणि ते शहाणपणाचं आहे. उद्या दुकानदारही सोडायला आला तर त्याला आत यायला लाज वाटता कामा नये. १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा, पुढे शिथिल झालेली बंदी, गावातलं दुकान बंद करण्यासाठी होणारं आडव्या बाटलीचं मतदान, या सगळ्यांबद्दल प्रत्येक सभासदाला आपापलं मत आहे. सभेच्या खोलीत ते कुणी मांडत नाही. पण लेखक म्हणून मला बोलायची मुभा असेल तर सांगतो : ज्या मुलखात बायांनी भरलेली मडकी फोडली त्याच मुलखात आपण आज भरल्या गळ्याने बोलू शकतो, हा मला योगायोग वाटत नाही. दारू हा घरातल्या चार भिंतींत दडवायचा विषय नाही, हे त्यांनी आपल्या आधी सांगून ठेवलं.

आता आपल्या फेलोशिपकडे येतो. मे १९३५ मध्ये बिल विल्सन नावाचा न्यूयॉर्कचा शेअर दलाल अमेरिकेतल्या ओहायो राज्यात अ‍ॅक्रन शहरी गेला होता. एका कंपनीचा ताबा मिळवायचा व्यवहार होता, तो फसला. दारू सोडून त्याला पाचेक महिने झाले होते. खिशात थोडे पैसे, शनिवारची संध्याकाळ, परकं गाव, आणि हॉटेलच्या दिवाणखान्याच्या एका टोकाला गजबजलेला बार. ही जागा आपल्यातल्या प्रत्येकाच्या ओळखीची आहे. बिल बारकडे वळला नाही. दुसऱ्या टोकाला टेलिफोन होता, तिथे जाऊन त्याने चर्चच्या यादीतले नंबर फिरवायला सुरुवात केली. आपल्याला एखादा दारुडा भेटवा, एवढीच त्याची विनंती होती. कारण आधीच्या महिन्यांत त्याला एक अनुभव आला होता : त्याने अनेक दारुड्यांना सुधारायचा प्रयत्न केला, त्यांतलं कुणी सुधारलं नाही, पण त्या खटाटोपात तो स्वतः मात्र प्यायला नव्हता.

दुसऱ्या दिवशी, १२ मे रोजी, त्याची गाठ डॉ. बॉब स्मिथ या शल्यचिकित्सकाशी घालून देण्यात आली. डॉक्टर बायकोच्या आग्रहाखातर आले होते, पंधरा मिनिटांच्या वर थांबणार नाही असं बजावून. ते रात्री अकरा वाजून गेल्यावर उठले. उपदेश त्यांनी आयुष्यभर ऐकला होता. समोरचा माणूस मात्र स्वतःचीच हकिगत सांगत होता. मध्ये एकदा डॉक्टरांचा पाय घसरला. एका वैद्यकीय संमेलनाला जाऊन ते पिऊन परतले. मग १० जून १९३५ रोजी त्यांनी शेवटचं मद्य घेतलं. तेही शस्त्रक्रियेच्या सकाळी हात थरथरू नयेत म्हणून बिलने दिलेली बिअर. ए.ए.चा जन्मदिवस तोच धरतात. थोड्याच दिवसांत दोघं मिळून अ‍ॅक्रनच्या रुग्णालयातल्या तिसऱ्याच्या खाटेशी जाऊन बसले.

१९३९ मध्ये ए.ए.चं पुस्तक निघालं, त्यात दारूतून बाहेर पडायच्या बारा पायऱ्या आल्या. पैशाच्या बाबतीत सुरुवातीलाच एक धडा मिळाला. रॉकफेलर या धनाढ्य उद्योगपतीकडे मंडळी मोठी मदत मागायला गेली होती. त्याने थोडी रक्कम दिली, पण पैशाने हे काम बिघडेल असं मत कळवलं. पुढे सातव्या परंपरेत ते पक्कं झालं : समूहाने आपला खर्च आपणच भागवायचा, बाहेरची देणगी घ्यायची नाही. आपल्या सभेत शेवटी जी पिशवी फिरते तिचं मूळ इथे आहे. कुणी दहा रुपये टाकतो, कुणी रिकामा हात घालून काढतो, आणि कुणी कुणाकडे बघत नाही.

भारतात हे काम १९५७ मध्ये मुंबईत रुजलं. सुरुवातीची भाषा इंग्रजी, माणसंही तशीच. नंतर मराठी-हिंदी समूह निघाले, पायऱ्या आणि परंपरा मराठीत आल्या, आणि रेल्वेच्या वाटेने, बदल्यांच्या वाटेने, एकेका माणसाच्या खांद्यावरच्या पिशवीतून सभा आतल्या जिल्ह्यांत पोचल्या. दरम्यान पुण्यात २९ ऑगस्ट १९८६ रोजी मुक्तांगण सुरू झालं. अनिल अवचटांनी गर्दवर लिहिलेले लेख वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी एक लाख रुपयांची देणगी देऊ केली, आणि डॉ. अनिता अवचट यांनी येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात ते केंद्र उभं केलं. ए.ए. कुठल्याही केंद्राशी बांधलेली नाही, मुक्तांगणशीही नाही. पण दारुडा हा मार खाण्याच्या किंवा कोंडून घालण्याच्या लायकीचा नसून आजारी माणूस आहे, हे मराठी घरांना पटवण्यात त्या केंद्राचा वाटा फार मोठा आहे. खानदेशातून पुण्याला जाऊन, महिनाभर राहून, ताजातवाना होऊन माणूस गावी परत येई. बस स्टँडवर उतरला की तेच मित्र, तीच टपरी, तोच गुत्ता. त्याला गरज होती ती पुढच्या संध्याकाळी सात वाजता कुठे जायचं याच्या उत्तराची. हे उत्तर होण्याचं काम आपल्या समूहांनी केलं.

आपली खोली म्हणजे बहुधा शाळेचा वर्ग. पन्नाशीचा ट्रक ड्रायव्हर, बँकेतून निवृत्त झालेला कॅशियर आणि जिनिंगमधला हमाल दुसरीच्या मुलांच्या बाकावर गुडघे छातीशी घेऊन बसलेले असतात. बारा पायऱ्यांचा फलक गुंडाळून एकाच्या घरी ठेवलेला असतो; तो येतो, फळ्यावरच्या खिळ्याला फलक अडकवतो आणि सभा सुरू होते. बोलणारा आधी आपलं पहिलं नाव सांगतो आणि मी मद्यपी आहे असं म्हणतो. पुढे जे येतं ते प्रमाण मराठीत सुरू होऊन दुसऱ्या मिनिटाला अहिराणीवर येतं. सोडली तेव्हाची हकिगत कुणालाही अहिराणीतच सांगता येते असा माझा अनुभव आहे. आयुष्यभराची शपथ इथे कुणी मागत नाही. एक जुने सभासद नव्या माणसाला नेहमी सांगतात, ‘‘आज पिवाव नही. सकायनं सकाय देखसूत.’’ चोवीस तासांचा हा हिशेब त्यांनी वर्षानुवर्षं असाच पुढे ढकलत नेला आहे.

आपल्याकडे सगळ्यात अवघड चोवीस तास आखाजीचे, म्हणजे अक्षय तृतीयेचे. सासुरवाशिणी माहेरी येतात, झाडाला झोके बांधले जातात, घरोघर पुरणपोळी आणि आमरस, आणि पुरुष मंडळी पत्त्यांच्या डावात. डावाबरोबर बाटली आलीच. पोळा, लगीनसराई आणि कापसाचे पैसे हातात येतात तो आठवडा हेही तसेच. म्हणून आखाजीच्या दिवशी सभा चुकवायची नाही, असा आपल्याकडे अलिखित नियम पडला. थंडीत भरीत पार्ट्यांचा हंगाम येतो. शेतात वांगी भाजायची, कळण्याची भाकरी, ठेचा. पूर्वी आपण तिथे भरतासाठी जातच नव्हतो. आता मंडळी कुटुंबासह आपली वेगळी पार्टी करतात. बायका-मुलं निर्धास्त बसून जेवतात. एका सभासदाच्या मुलीने अशा जेवणात विचारलं होतं, ‘‘बाबा, आपण आता शेवटपर्यंत थांबायचं का?’’ पूर्वीच्या प्रत्येक समारंभातून आई तिला घेऊन मध्येच निघायची.

सभेबाहेरचं काम म्हणजे घरी जाणं. घरच्यांचा निरोप आला की दोघांनी मिळून जायचं, एकट्याने नाही. रावेर-यावलकडच्या केळीच्या पट्ट्यातल्या एका गावाची भेट सांगतो. अशा पुष्कळ झाल्या. ओसरीवर खाट, खाटेवर माणूस, दोन्ही हातांनी धरलेला पाण्याचा पेला तोंडाशी जाईपर्यंत अर्धा सांडतो. भाऊ म्हणतो, ‘‘याला समजावा.’’ आम्ही समजावत नाही. बरोबरचे मित्र खाटेच्या कडेला बसले आणि त्यांनी स्वतःचं सांगितलं : सकाळी सात वाजता दुकान उघडायच्या आधी शटरपाशी कसे उभे राहत, पेला धरता येत नाही म्हणून गळ्यात पंचा टाकून त्याच्या आधाराने पहिला घोट कसा घेत. खाटेवरच्या माणसाने पहिल्यांदा मान वर केली आणि विचारलं, ‘‘पंचानं जमतं?’’ तिथून बोलणं सुरू झालं. अर्ध्या तासाने त्याला सरकारी दवाखान्यात नेण्याचं ठरलं. हे नेणं महत्त्वाचं आहे. वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याने एकाएकी बंद केलं तर पहिल्या दोन-तीन दिवसांत आकडी येऊ शकते, भास होऊ शकतात, जिवावरही बेतू शकतं. आम्ही डॉक्टर नाही. औषधाचं काम डॉक्टरांचं. ते झाल्यावर पुढची वर्षं सोबत राहणं हे आपलं.

घरच्या बायकांबद्दल वेगळं लिहायला हवं. न्यूयॉर्कमध्ये १९५१ साली बिल विल्सनची पत्नी लोईस हिने कुटुंबीयांसाठी अल-अनॉन ही स्वतंत्र फेलोशिप उभी केली. तिचं म्हणणं असं, की दारू पिणाऱ्याचा आजार त्याच्याइतकाच घराला जडतो. बायको बाटली मोरीत ओतते, साहेबाला फोन करून नवरा तापाने पडलाय सांगते, मुलांना दुसऱ्या खोलीत झोपवते, सासूचे टोमणे ऐकते, आणि एवढं करून शेवटी आपलंच काही चुकलं असेल असं मानून बसते. कानबाईच्या उत्सवात नवसही त्यासाठीच बोलते. अल-अनॉनच्या बैठकीत तिला पहिल्यांदा कळतं, की त्याची दारू तिच्यामुळे सुरू झाली नाही आणि ती बंद करणंही तिच्या हातात नाही. हे ऐकून बाया मोकळेपणी रडतात. काही जणींचे नवरे अजून पितात, तरी त्या येत राहतात, आणि त्यांच्या घरातली मुलं आधीपेक्षा बरी झोपतात. मला विचाराल तर खानदेशातल्या आपल्या कामाचा अर्धा भार या बायांनी उचलला आहे.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि शाळेचे वर्ग बंद झाले. दारूची दुकानंही बंद झाली. बाहेरच्यांना वाटलं, दारुड्यांचं भलं झालं. प्रत्यक्षात रोज पिणाऱ्यांना त्रास सुरू झाला, आणि रुग्णालयं तर वेगळ्याच लढाईत गुंतलेली. फोन रात्रंदिवस वाजत होते. मेच्या सुरुवातीला दुकानं उघडली तेव्हाच्या रांगा सगळ्यांनी टीव्हीवर पाहिल्या. त्या काळात मोबाइलवरच्या सभांनी जे सांभाळलं ते विसरता येणार नाही. कुणी गच्चीवर बसून बोले, कुणी शेतात विहिरीच्या काठावर, जिथे नेटवर्क मिळेल तिथे. त्यातून एक कायमचा फायदा झाला. शेवटच्या एसटीची वेळ गाठायची म्हणून ज्यांना सभेला येता येत नव्हतं, ती आतल्या गावांतली माणसं सभेत आली. खोलीतली सभा आणि मोबाइलवरची सभा सारख्या नाहीत. समोरच्याचा हात हातात घेता येत नाही. पण गावातल्या एकट्या माणसाला त्या आवाजाने धरून ठेवलं.

आपल्या कामाचा उपयोग किती, हा प्रश्न पूर्वी आम्ही आमच्याच तोंडांकडे पाहून सोडवत होतो. २०२० मध्ये कॉक्रेन या संस्थेने जगभरच्या २७ अभ्यासांचा आढावा घेतला. त्यांत दहा हजारांवर लोक होते. बारा पायऱ्यांच्या मार्गाने जाणाऱ्यांचं वर्षभर पूर्ण कोरडं राहण्याचं प्रमाण इतर नावाजलेल्या उपचारांच्या तोडीचं, बऱ्याचदा अधिक निघालं. त्याचबरोबर हेही खरं, की आपल्या देशात गरजवंतांपर्यंत फारसं काही पोचत नाही. केंद्र सरकारसाठी एम्सने केलेलं राष्ट्रीय सर्वेक्षण २०१९ मध्ये आलं. त्यात दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्यांची संख्या २ कोटी ९० लाखांच्या घरात होती, आणि अशा ३८ जणांमागे कसाबसा एक जण कुठल्या ना कुठल्या उपचारापर्यंत गेला होता. उरलेले सदतीस आपल्याच गल्लीत आहेत. १४४४६ ही सरकारी व्यसनमुक्ती मदतवाहिनी आहे, तिचा क्रमांक प्रत्येक समूहाने आपल्या फलकाशेजारी लावावा असं मला वाटतं.

याच सर्वेक्षणात दारू पिणाऱ्या स्त्रियांचं प्रमाण १.६ टक्के दिसतं, पुरुषांचं २७.३. आकडा लहान आहे, पण त्यामागच्या बाया आपल्या सभेत जवळजवळ दिसतच नाहीत, ही या वाटचालीतली उणीव आहे. पुरुषाने सोडली की गाव कौतुक करतं; बाईने सोडली म्हणायचं तर आधी ती पीत होती हे गावाला कळतं. बाकावर वीस पुरुष बसलेल्या खोलीत ती कशी येणार? मुंबई-पुण्यात स्त्रियांच्या वेगळ्या सभा चालतात. जळगावात किंवा धुळ्यात दिवसाउजेडी, दुपारच्या वेळी, बाईनेच चालवलेली एक सभा सुरू करायला खोली आणि दोन जणी लागतात. खोलीचं भाडं पिशवीतून निघेल. त्या दोन जणींपैकी एक हा मजकूर वाचत असेल, तर मेळाव्यात अल-अनॉनच्या भगिनी प्रवेशद्वाराशेजारच्या टेबलावर दिवसभर बसणार आहेत, त्यांच्याशी बोलावं. नाव सांगायची गरज नाही.